नऊपैकी सातवे

ऑक्टोबर आला की मला लिहावं लागतं
आमच्या पोरांचं भविष्य.
एक पान, एक फोटो, सोमवारी सकाळी दहाच्या आत.
बावीस वर्षं लिहितेय.
शब्दही आता ठरलेले:
'तरुण संघ' म्हणजे कोणालाच काही येत नाही,
'जिद्दी' म्हणजे बुटका,
'संघाला जोडून ठेवणारा' म्हणजे जो बाकावर बसतो
आणि टाळ्या सगळ्यात आधी वाजवतो.
उंच्या साऱ्या बुटांसकट.

नऊ कॉलेजांच्या प्रशिक्षकांनी मतं दिली.
आम्ही सातवे.
टीडमन म्हणाले, बरं झालं, कोणाचं लक्ष नाही आपल्याकडे.
मागच्या वर्षी सहावे होतो तेव्हाही हेच म्हणाले होते
आणि लक्ष खरंच कोणाचं नव्हतं.

कीगन ऑस्ट्रेम, शेवटचं वर्ष. डावा गुडघा दोनदा उघडलेला.
जिना उतरताना कठडा धरतो,
मैदानावर मात्र धरायला काही शोधत नाही.
मार्क्वेल टिब्स, रॉकफर्डचा. पहाटे मेसमध्ये ताटं विसळतो
(खेळासाठी फी माफ करण्याइतकं आमचं कॉलेज मोठं नाही).
हाताला साबणाचा वास, पण चेंडू निसटत नाही.
ओसेई ब्रेम्पाँग, पहिलं वर्ष, सहा फूट आठ,
परवापरवापर्यंत ट्रॉम्बोन वाजवायचा.
उडी चांगली घेतो, अर्धा सेकंद उशिरा,
जणू बँडमास्तरच्या खुणेची वाट बघतोय.

मग येतो तो रकाना: 'गमावलेले खेळाडू'.
केल डर्कसन. सरासरी एकोणीस गुण.
ऑगस्टच्या शेवटी वडिलांचा हात
धान्य चढवणाऱ्या मशिनात गेला,
आणि सहाशे एकर मका काही थांबणार नव्हता.
'गमावला' लिहिलं. खोडलं.
माझ्या खिडकीतून तर तो दिसतो,
रस्त्यापलीकडे, हार्वेस्टरच्या दिव्यांमागे.
धुळीचा एक ढग कॉलेजकडे येत राहतो,
कुंपणापाशी वळतो, परत जातो.

शुक्रवारी रात्री साडेदहाला जिमचं दार वाजलं.
किल्ली माझ्याकडे असते हे त्याला ठाऊक.
बूट बाहेरच काढले,
नवं व्हार्निश आहे, टीडमन जीव घेतील म्हणाला,
आणि मोज्यांवर, केसांत भुसा,
कोपऱ्यातून टाकायला लागला.
पहिले चार कुठेही गेले.
मग जाळीचा तो आवाज,
कणीस सोलताना येतो तसा,
परत. परत.
मोजणं हे माझं काम,
पण त्या घटकेला मी कामावर नव्हते.

"कितवे धरलंय आपल्याला?"
आपल्याला, म्हणाला.
"सातवे."
हसला. "आणि मी असतो तर?"

मतं ऑगस्टच्या मध्यालाच गेली होती.
तेव्हा बाकीच्या आठांच्या कागदावर
तू होतास, केल.
तुला धरूनच सातवे.

"चौथे," मी म्हणाले. "फार तर पाचवे."
बावीस वर्षं लिहून सांभाळलं,
तोंडाने पहिल्यांदाच.

निघताना त्याने गुणफलकाचं बटण दाबून पाहिलं.
आमच्या बाजूची एक पट्टी तीन वर्षं मेलेली आहे:
आठाचा सहा होतो, नवाचा पाच,
पाहुण्यांना वाटतं आम्ही मुद्दाम ठेवलीय.
सात आला तर वाचताच येत नाही,
वर आडवी रेघ, खाली एक खुंट.
"अजून तशीच?" म्हणाला, आणि बूट हातात घेऊन
पार्किंगपर्यंत तसाच गेला, मोज्यांवर, गारठ्यात.

सोमवारी पावणेदहाला मी लिहिलं:
'डर्कसन यंदा संघासोबत नाही.'
यंदा.
तेवढा एक शब्द
माझ्या पदरचा.